सप बोर्डवर उभं राहणं सोपं, परत येणं अवघड: या चुका टाळा

देवबागला कर्लीच्या खाडीत पहिल्यांदा बोर्डवर उभा राहिलो तेव्हा जेमतेम पंधरा मिनिटं गेली असतील. गुडघ्यांवर बसलो, एकेक पाय पुढे घेतला, दोनदा पडलो, तिसऱ्यांदा उभा. बहुतेकांना एवढाच वेळ लागतो. त्यामुळेच उभं राहता आलं म्हणजे स्टँड-अप पॅडलिंग (थोडक्यात सप, बोर्डवर उभं राहून वल्हवणं) आलं, असा समज होतो. नंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात मालवणच्या या पट्ट्यात नवी माणसं बघतोय. तोल जाऊन पडणं ही चूक धरायचीच नाही, पडून माणूस शिकतो. महागात पडणाऱ्या चुका पाण्यात उतरायच्या आधी होतात आणि बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: जाताना परतीचा विचार केलेला नसतो.

सकाळच्या सपाट पाण्यावर विश्वास ठेवणं

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. दुपारी जमीन तापली की उलटा, समुद्राकडून येणारा खारा वारा. सप करणाऱ्यासाठी हा धडा परीक्षेपेक्षा मोठा आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आपल्या किनाऱ्यावर सकाळी मतलई असतो. किनाऱ्यावरच्या माडांच्या आडोशामुळे काठाजवळ तो जाणवतही नाही. पाणी आरशासारखं. बोर्ड टाकला की आपण नुसते उभे राहिलो तरी पुढे सरकतो आणि वाटतं, काय छान जमतंय! जमत काही नसतं, वारा ढकलत असतो. आपलं उभं शरीरच शीड झालेलं असतं.

माझ्या दुसऱ्याच हिवाळ्यात तारकर्लीच्या किनाऱ्यावर मी हेच केलं. वीस मिनिटं सरळ बाहेर गेलो, वळलो आणि वल्हं मारायला लागलो. दहा मिनिटांनी मान वर केली तर किनाऱ्यावरची नारंगी रंगाची होडी होती तेवढीच लहान दिसत होती. काठापासून लांब गेलं की माडांचा आडोसा संपतो आणि वाऱ्याचा खरा जोर तिथे लागतो, हे तेव्हा अंगावर आलं. जाळं घेऊन परतणाऱ्या एका होडीतल्या काकांनी ओरडून विचारलं, "वारो जमनीवरचो हा, भायर खय चललंस?" मी बाहेर चाललो नव्हतो, परत यायचा प्रयत्न करत होतो. त्यांनी हातानेच खूण केली: आडवा हो. मी बोर्डवर पालथा पडलो, वल्हं छातीखाली दाबलं आणि हातांनी पाणी मागे सारत आलो. पाऊण तास लागला. खांद्यांची आग दोन दिवस गेली नाही.

तेव्हापासूनचा नियम: आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, परत येताना वारा पाठीशी. वारा जमिनीकडून असेल तर समुद्राच्या बाजूला उतरायचंच नाही, खाडीत जायचं. देवबागला ही सोय आहे, एका बाजूला समुद्र आणि पलीकडे चालत जाण्याइतक्या अंतरावर खाडी. वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर असेल तर नवख्या माणसाने त्या दिवशी चहा घ्यावा आणि माडाच्या झावळ्यांकडे बघत बसावं. झावळ्यांची टोकं कुठे वळली आहेत, हे मोबाइलवरच्या अंदाजाइतकंच खरं सांगतं.

आणि अडकलातच, तर माझ्यासारखी दहा मिनिटं उभ्याने वाया घालवू नका. लगेच गुडघ्यांवर बसा. तेवढ्याने भागलं नाही तर पालथे व्हा. बोर्ड सोडून पोहत निघण्याचा विचार तर मनातही आणू नका. तरंगणारा बोर्ड हीच तुमची सगळ्यात मोठी सुरक्षितता आहे आणि दुरून माणसाचं डोकं दिसत नाही, बोर्ड दिसतो.

भरती-ओहोटी न बघता वेळ ठरवणं

खाडी शांत असते हे अर्धंच खरं. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा भरतं आणि दोनदा ओसरतं. साधारण सहा तासांच्या ओहोटीत पहिला आणि शेवटचा तास पाणी संथ असतं, मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी हलतं. नवखा माणूस ताशी चार-पाच किलोमीटरने वल्हवतो. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी अरुंद मुखातून बाहेर पडताना तेवढ्या वेगाने सहज धावतं. मग तुम्ही वल्हवत राहता आणि काठावरचं झाड जागचं हलत नाही.

कर्ली जिथे समुद्राला मिळते तो देवबागचा संगम फोटोत फार देखणा दिसतो. वाळूचे दांडे, हिरवं पाणी, पलीकडे फुटणाऱ्या लाटा. ओहोटी सुरू असताना तिकडे जाऊ नका. खाडीचं पाणी बाहेर ओढतं, दुपारचा खारा वारा आत ढकलतो आणि दोघं समोरासमोर आले की आखूड, उभ्या, आगापिछा नसलेल्या लाटा उठतात. त्यांच्यावर उभं राहणं सरावलेल्यांनाही जड जातं. खाडीत निघायचं तर भरती संपत आलेली असताना निघा. पाणी आत जात असतं तेव्हा वरच्या अंगाला जा, पाणी थांबलं की जरा रेंगाळा, ओहोटीचा पहिला हलका ओढ धरून परत या. एका फेरीत जाताना आणि येताना दोन्ही वेळा पाणी तुमच्या बाजूचं. वल्हवण्यात याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात वाटत नाही.

वेळ काढायला मोबाइल आहेच, पण घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर जुनी युक्तीही चालते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. हा हिशेब ढोबळ आहे. मुंबई-अलिबागकडे तो बरा जुळतो, दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे सरकते आणि खाडीत आत गेलं की पाणी उशिरा पोचतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि जास्त जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी मवाळ. शिकायचं तर भांगाचे दिवस निवडा.

लीश कुठली आणि कुठे

लीश म्हणजे बोर्डला आणि आपल्याला जोडणारी दोरी. ती न लावणं ही चूक सगळ्यांना कळते. पडलात आणि बोर्ड सुटला तर हलका वाराही त्याला तुमच्या पोहण्याच्या वेगापेक्षा पुढे नेतो. समुद्रात आणि संथ पाण्यात घोट्याला किंवा गुडघ्याखाली बांधलेली गुंडाळीची लीश योग्य.

तीच लीश वाहत्या पाण्यात जिवावर उठू शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधल्या हॅवरफोर्डवेस्ट गावात क्लेडाऊ नदीवर एक गट सप करत निघाला होता. नदीला पूर होता, वाटेत बंधारा होता. चार जणांचा जीव गेला. पुढच्या चौकशीत लीशच्या प्रकाराचा मुद्दाही निघाला. कारण समजून घ्या. ओढीच्या पाण्यात बोर्ड खांबाच्या एका बाजूने आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने गेलात की दोरी ताणली जाते. पाणी तुम्हाला खाली दाबतं आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. अशा जागी कमरेला पट्टा हवा आणि एका हिसक्यात सुटणारी कडी हवी.

आपल्याकडे बंधारे आहेतच, शिवाय खाडीत जाळ्यांसाठी रोवलेले खुंट, नांगरलेल्या होड्यांचे दोर आणि जेटीचे खांब असतात. सुकतीच्या जोरात हे सगळं नदीतल्या अडथळ्यासारखंच वागतं. मी कर्लीत आता कमरेचाच पट्टा वापरतो. निघण्याआधी काठावर उभं राहून, डोळे मिटून, तो एकदा सोडून बघतो. हाताला सवय लागायला हवी.

लाइफ जॅकेट बोर्डवरच्या दोरीत अडकवून नेणारे बरेच दिसतात. ते अंगावर घाला. तेवढंच सांगतो.

हवा कमी, वल्हं उलटं

फुगवायचा बोर्ड हातपंपाने भरताना पहिली शंभर-दीडशे दाबणी सोपी जातात आणि काटा शून्यावरच असतो. पंप बिघडला असं वाटतं. बिघडलेला नसतो, बऱ्याच पंपांचा काटा आत बऱ्यापैकी दाब तयार झाल्यावरच हलतो. मग खरा घाम निघतो आणि काटा दहाच्या आसपास आला की लोक सोडून देतात. बहुतेक बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाब लागतो, नेमका आकडा झडपेजवळ छापलेला असतो. कमी हवेचा बोर्ड मधोमध खचतो, पाण्यात केळ्यासारखा वाकतो आणि सारखा डुगडुगतो. तोल येत नाही म्हणून हताश झालेल्या कित्येकांचा दोष पायांत नसून हवेत असतो.

पंपाची नळी काढताक्षणी फुस्सकन सगळी हवा गेली? झडपेच्या मधली खीळ दाबलेल्या स्थितीत राहिली आहे. ती बोटाने दाबून फिरवा आणि वर उचलून येऊ द्या, मगच भरा. हळूहळू हवा जात असेल तर झडपेभोवती साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले तर सोबत मिळणाऱ्या पान्याने झडप आवळा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

वल्ह्याचं पातं दांड्याशी किंचित वाकलेलं असतं. तो बाक पुढच्या दिशेला, म्हणजे आपल्यापासून लांब झुकलेला हवा. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण उलटं धरतो, कारण चमच्यासारखं पाणी ओढायचं असं हाताला वाटतं. पातं उलटं असलं की ते पाणी वर उचलतं आणि बोर्डचं नाक खाली जातं. वल्ह्याची उंची डोक्यापेक्षा आठ-दहा इंच जास्त ठेवा. एक हात वरच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर. दोन्ही हात दांड्यावर ठेवून झाडू मारल्यासारखं वल्हवलं की आधी कंबर धरते.

बोर्ड सारखा एका बाजूला वळतोय? दांडा तिरका पडतोय. वरचा हात पाण्याच्या बाजूला बाहेर न्या म्हणजे दांडा उभा होईल, पातं पूर्ण बुडवा आणि घोट्याशी आलं की बाहेर काढा. घोट्याच्या मागे ओढत राहिलात की बोर्ड फिरतो, पुढे जात नाही. फिन, म्हणजे बोर्डखालचा पर, उलटी बसवली असेल तरीही असंच होतं. तिचा बाक शेपटीकडे हवा.

पाय बधिर होतात ही तक्रार सगळ्यांची. नजर पायांकडे असते आणि बोटं बोर्डला धरून बसतात. नजर समोरच्या काठावर न्या, गुडघे सैल सोडा आणि वल्हवत राहा. चालती सायकल उभी राहते, थांबलेली पडते. बोर्डचंही तसंच आहे.

पाण्याखाली काय आहे हे न विचारणं

उथळ पाण्यात बोर्डवर चढू नका, फिन वाळूत रुतते आणि तुम्ही तोंडावर पुढे फेकले जाता. गुडघ्याच्या वर पाणी असू द्या. पडायचं तर आडवं, पसरून, बोर्डपासून दूर पडा. सूर मारायचा नाही. खडकांवरची कालवं ब्लेडसारखी असतात, तळवाही फाडतात आणि बोर्डही. वाळूवर चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी घासत न्या म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (चपटा मासा) आधीच सरकतं. त्याच्या शेपटीचा काटा लागला तर दवाखाना गाठावा लागतो.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर तिच्या आतून किंवा दोरावरून जाऊ नका. किनाऱ्यावर वीस-पंचवीस माणसं तासभर दोर ओढत असतात, आपल्या एका फेरीसाठी त्यांच्या दिवसाच्या कमाईत खोडा घालायचा नाही. वळसा घ्या, हात करा. अडचणीत सगळ्यात आधी पोचणारी माणसंही हीच असतात.

नदी निवडताना गावात चौकशी करा. चिपळूणची वाशिष्ठी, खेडची जगबुडी आणि महाडची सावित्री या नद्यांत मगरी आहेत. सांगलीकडे कृष्णेतही आहेत. नकाशात पाणी सुंदर दिसलं म्हणून बोर्ड टाकायची ही ठिकाणं नव्हेत. धरणाच्या जलाशयात परवानगी लागते आणि सांडव्याच्या बाजूला तर जायचंच नाही. जलपर्णी असेल तिथे फिनला गुंता बसून बोर्ड जागच्या जागी थांबतो.

मोबाइल पाण्यापासून जपणाऱ्या पिशवीत घालून अंगावर ठेवा, बोर्डवर नको. बोर्ड गेला तर मोबाइलही जाईल. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सर्वसाधारण आपत्तीसाठी ११२. कुठे जाताय आणि किती वाजता परत याल हे काठावरच्या एका माणसाला सांगून निघा.

परत आल्यावर

फुगवलेला बोर्ड उन्हात वाळूवर ठेवून जेवायला जाणं ही कोकणातली नेहमीची चूक. आतली हवा तापून फुगते आणि शिवणीचा गोंद सुटतो. सावलीत ठेवा, सावली नसेल तर थोडी हवा सोडा. बंद गाडीच्या डिकीत तर कधीच नको. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, झडपेतली वाळू काढा, पूर्ण वाळल्यावरच गुंडाळा. ओलसर गुंडाळलेला बोर्ड पावसाळ्यात माळ्यावरून काढला की बुरशीचे काळे ठिपके दिसतात आणि ते घासूनही जात नाहीत.

मे संपता संपता मी बोर्ड असा धुऊन ठेवतो. नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात उतरल्या तरी लगेच काढत नाही. खाडीत तेव्हाही गढूळ पाण्याचा लोंढा आणि वाहून आलेले ओंडके असतात. दिवाळीच्या आसपास पाण्याचा तळ पुन्हा दिसायला लागतो, तेव्हा पंप बाहेर निघतो.