किल्टची कंबर कमी करताय? या चुका टाळा

उन्हाळा आला की एडिंबरातल्या मराठी घरांतून मला फोन सुरू होतात. कुणाचं पदवीदान असतं, कुणी स्कॉटिश मित्राच्या लग्नाला निघालेलं असतं, आणि चॅरिटी शॉपमधून हौसेनं आणलेला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा स्कर्टसारखा पोशाख, कमरेला चार बोटं ढिला होत असतो. हातानं शिवलेला नवा किल्ट कित्येक शे पौंडांना पडतो, तेव्हा जुना घेऊन मापाला करणं योग्यच आहे. फक्त पँटची कंबर दाबायची सवय असलेला हात इथे हमखास चुकतो, आणि कात्री चालली की कापड परत येत नाही.

पूर्ण किल्टला आठ वार लोकरी कापड लागतं, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. जुना हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला माणूस, त्या लांबलचक कापडाच्या निऱ्या हातानं घालून वरून पट्टा आवळायचा. आताच्या किल्टमध्ये त्याच निऱ्या, साधारण पंचवीस ते तीस, पाठीमागे कमरेपासून नितंबांपर्यंत कायमच्या शिवलेल्या असतात आणि तिथून खाली मोकळ्या सोडलेल्या असतात. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट भाग असतात, त्यांना एप्रन म्हणतात. एवढी रचना डोक्यात पक्की असली की पुढचं सगळं समजतं.

पँटचा नंबर धरून बसणं

"मला ३२ लागते, हा ३६ चा आहे" असं सांगत लोक येतात. ते ३२ जीन्सचं असतं, आणि जीन्स कमरेच्या हाडावर बसते. किल्ट बेंबीच्या उंचीवर घालतात. शर्ट घालून, श्वास न रोखता बेंबीवर टेप लावा. बऱ्याच जणांचं माप तिथे दोन इंचांनी जास्त भरतं. मग दुसरं माप नितंबांच्या सगळ्यात रुंद जागी घ्या. हे दुसरं माप कुणीच घेत नाही आणि त्यावरच पुढे सगळं अडतं. किल्ट वर ओढून नीट जागी बसवला की पुष्कळदा काही शिवावंच लागत नाही.

पिन आणि बेल्टवर भार टाकणं

वरच्या एप्रनच्या खालच्या कोपऱ्याजवळ लावायची किल्ट-पिन फक्त वरच्या थरातून जाते. ढिला किल्ट आवरायला ती दोन्ही थरांतून खुपसली, की बसता-उठताना कापडाला भोक पडतं. रुंद बेल्ट शोभेचा; किल्टचा भार तो पेलत नाही. जाड कापडाचा किल्ट पावणेदोन किलोच्या घरात जातो. हा भार चामड्याच्या पट्ट्यांनी आणि बक्कलांनीच घ्यायचा असतो.

एकाच बाजूची बक्कलं सरकवणं

दोन इंचांपर्यंत कंबर कमी करायची असेल, तर बक्कलं मागे सरकवणं हा सरळ उपाय आणि तो घरी करता येतो. चूक अशी होते, की उजवीकडची बक्कलं डोळ्यांसमोर असतात म्हणून तीच तेवढी हलवली जातात. मग वरचा एप्रन उजवीकडे ओढला जातो आणि पोटाच्या मधोमध यायची टार्टनची, म्हणजे किल्टच्या चौकटींच्या कापडाची, रेघ बाजूला जाते. फोटोत ते लगेच दिसतं.

दोन्ही बाजूंची बक्कलं सारखीच सरकवा. उजव्या बाजूला कमरेचं आणि नितंबाचं अशी दोन बक्कलं असली तर दोन्ही सरकवा. आधी खडूनं खूण करा, बक्कलं कच्च्या टाक्यांनी लावा, घालून पाहा, मगच पक्कं करा. दोरा जाड, मेण लावलेला घ्या, आणि टाके नुसते वरच्या लोकरीत नको, आतल्या कॅनव्हासपर्यंत, म्हणजे अस्तराखालच्या जाड कापडापर्यंत, जाऊ द्या. ताण कॅनव्हासनं घ्यायचा असतो. तो लोकरीवर आला तर महिन्याभरात निऱ्यांची शिवण उसवायला लागते.

डाव्या बाजूला एक खोच आहे. आतल्या एप्रनचा पट्टा तिथल्या चिरेतून बाहेर येऊन बक्कलात जातो. बक्कल मागे गेलं की आतला एप्रनही पुढे सरकतो आणि पट्ट्याचं शिवलेलं जाड टोक त्या चिरेत अडकतं. किल्ट घालताना डावा पट्टा शेवटपर्यंत ओढला जात नसेल, तर कारण बहुधा हेच. चीर मोठी करू नका. पट्टा उसवून आतल्या एप्रनच्या काठापासून एक इंच आत लावा.

दोन इंचांच्या पुढे मात्र हा उपाय ताणू नये, कारण एप्रनच्या कडा निऱ्यांवर चढतात आणि मागून निऱ्यांचा पंखा अरुंद दिसतो.

मागे मधोमध शिवण घालणं

ही चूक मी हातात धरून पाहिली आहे. एक मुलगा ब्लॅक वॉच टार्टनचा किल्ट घेऊन आला, मित्राच्या वडिलांचा. कुणीतरी पँटसारखी मागे मधोमध मशीनची टीप मारून चार इंच आत घेतले होते. आतून पाहिलं तर जादा कापड अर्ध्या इंचावर कापून टाकलेलं. हिरवी पट्टी निळीवर जाऊन आदळत होती आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या निऱ्या ओठ फाकल्यासारख्या उघडत होत्या. मी टीप उसवली, पण कापलेलं कापड कुठून आणणार? टक्स मारणंही तसंच. चौकटींचं कापड टक्स लपवत नाही, उलट दाखवतं.

निऱ्या अर्धवट आत घेणं

चार इंच काढायचे असतील तर कंबरपट्टी, अस्तर आणि कॅनव्हास सोडवून निऱ्याच पुन्हा शिवाव्या लागतात. हिशेब सोपा आहे: २७ निऱ्या असतील आणि प्रत्येक निरी कमरेपाशी एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत घेतली, तर जवळजवळ साडेतीन इंच जातात. एक सूत डोळ्याला कळतही नाही. कंटाळा येऊन पाच-सहा निऱ्यांतच सगळं उरकलं, तर तिथे टार्टन चिमटल्यासारखं दिसतं.

आधी निऱ्या कशा घातल्या आहेत ते पाहा. काही किल्टमध्ये निऱ्या मिटल्यावर मागेही टार्टनची पूर्ण चौकट जुळून येते. काहींत, विशेषतः लष्करी पद्धतीच्या किल्टमध्ये, प्रत्येक निरीच्या मध्यावर एकच पट्टी येते. या दुसऱ्या प्रकारात एकाच कडेनं आत घेतलं की पट्टी मध्यावरून सरकते. अर्धं-अर्धं सूत दोन्हीकडून घ्यावं लागतं. शिवाय चार वार दुहेरी पन्ह्याचं कापड उभं फाडून, जोडून आठ वार केलेलं असतं. तो जोड एखाद्या निरीच्या पोटात लपवलेला असतो. तो आधी शोधून टाचणी लावून ठेवा, नाहीतर नव्या घडीत तो दर्शनी बाजूला येतो.

निऱ्यांचे टाके हातानंच घालायचे, मशीन नको. किल्टच्या खालच्या कडेला दुमड नसते, कापडाचा मूळ काठच तिथे असतो, म्हणून निरी वर तिरकी शिवली गेली की खालचा काठ वरखाली होतो. कमरेबरोबर नितंबाचं मापही पाहा. खूप बारीक झालेल्या माणसाचं तेही उतरलेलं असतं. आणि चार इंचांहून जास्त फरक असेल तर एप्रनची रुंदीही बदलावी लागते. ते काम मी घरच्या शिलाईला सुचवणार नाही. किल्ट शिवणाऱ्याकडे द्या, किंवा दुसरा किल्ट शोधा.

इस्त्रीची घाई

निऱ्या खालपर्यंत तीन ओळींत कच्च्या टाक्यांनी बांधल्याशिवाय इस्त्री हातात घेऊ नका. ओलसर सुती कापड ठेवून इस्त्री दाबा, उचला, पुढे ठेवा. घासली की लोकर चकाकते आणि ती चकाकी जात नाही. जुन्या बक्कलांच्या टाक्यांची भोकं वाफेनं बरीच मिटतात.

मग घालून आरशाकडे पाठ करा. निऱ्या शिवण संपते तिथूनच फाकत असतील तर नितंबांवर घट्ट झालाय. बक्कलं अर्धा इंच पुढे आणा. पुढचा काठ मागच्यापेक्षा खाली आला असेल तर किल्ट पोटाखाली घसरलाय, कंबर अजून ढिली आहे.

बक्कलं हलवली की मी अस्तरावर, जुन्या जागी, पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालून ठेवते. त्या ब्लॅक वॉचच्या अस्तरावर असा एक टाका होता, पिवळट पडलेला. माझ्या आधी कुणीतरी घातलेला.