पिल्लू घेताना या चुका टाळा : घाटापलीकडची आई पाहिल्याशिवाय पिल्लू आणू नये

आमच्या घरी आलेले पहिले लॅब्राडॉरचे पिल्लू आंब्याच्या पेटीतून आले. पहाटे पाचच्या सुमारास महामार्गावरच्या फाट्यावर ट्रॅव्हल्सची बस थांबली, क्लीनरने मागची डिकी उघडली आणि भोके पाडलेली पुठ्ठ्याची पेटी माझ्या हातात ठेवली. आत भिजून लगदा झालेले वर्तमानपत्र होते, त्याला पातळ विष्ठा चिकटली होती आणि कोपऱ्यात पिल्लू थरथरत बसले होते. प्रवासाचा शीण असेल, असे मी स्वतःला सांगितले. पाचव्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, सहाव्या दिवशी रक्ताचे जुलाब झाले आणि आठव्या दिवशी पिल्लू गेले. तालुक्याच्या डॉक्टरांनी पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा ओकाऱ्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार, असल्याचे सांगितले. त्यांनी त्याचा जबडा उघडून दाखवला, तेव्हा मागच्या दाढा हिरडीतून जेमतेम डोकावत होत्या. ‘पंचेचाळीस दिवसांचे’ म्हणून विकलेले ते पिल्लू पाच आठवड्यांपेक्षा मोठे नव्हते.

कोकणातल्या माणसाची अडचण अशी की चांगला ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणारा, बहुधा घाटावर किंवा मुंबईच्या बाजूला असतो. त्यामुळे पिल्लू फोनवर ठरते, पैसे फोनवरूनच जातात आणि पिल्लू तेवढे घाट उतरून येते. त्याची आई, तिची जागा आणि तिला वाढवणारा माणूस आपल्याला कधीच दिसत नाही. पुढच्या बहुतेक चुका या न पाहण्यातून जन्मतात.

आईला न पाहता पिल्लू ठरवणे

दुसऱ्या वेळी मी स्वतः जाऊन पाहायचे ठरवले, तेव्हा शेजारचे आबा म्हणाले, “कुत्र्याच्या पिल्लाची कसली इतकी चौकशी? सोयरीक करूची आसा काय?” मला तो प्रश्न अगदी नेमका वाटला, कारण सोयरिकीच्या वेळी आपण नुसता मुलगा पाहून परत येत नाही, त्याच्या घरात बसून पाणी पितो आणि घरातली माणसे एकमेकांशी कशी बोलतात हे कानाने टिपतो. ब्रीडरकडेही हेच करायचे असते.

आठ आठवड्यांच्या पिल्लांना पाजलेली कुत्री थोडी खंगलेली, केस गळलेली आणि सड लोंबलेली दिसली, तर त्यात वावगे काही नाही. वेतानंतर तसे होतेच. पाहायचा तो तिचा स्वभाव. परक्या माणसाला पाहून ती क्षणभर सावध झाली आणि मालकाच्या एका शब्दावर शांत बसली, तर उत्तम. ती कोपऱ्यात दडून गुरगुरत राहिली किंवा मालकाचाच हात चुकवू लागली, तर तिची पिल्ले कितीही गोजिरवाणी असली तरी परत फिरावे, कारण भित्रेपणा काही अंशी रक्तातून येतो आणि काही अंशी पिल्ले तो आईकडे पाहून शिकतात. ‘आई गावाला ठेवली आहे’, ‘आईला आजच डॉक्टरकडे नेले आहे’ ही उत्तरे ऐकली की पिल्ले दुसरीकडून आणून विकली जात आहेत, असे समजायला हरकत नाही. बापाचे मात्र वेगळे आहे. जाणकार ब्रीडर आपल्या मादीला साजेसा नर दुसऱ्या गावाहूनही निवडतो, त्यामुळे बाप तिथे नसणे संशयास्पद नाही. त्याचे कागद आणि फोटो असले म्हणजे पुरे.

जागेकडे पाहताना आधी नाकाचा उपयोग करावा. पिल्ले दिवसातून अनेकदा घाण करतात, तेव्हा थोडा वास असणारच; पण डोळ्यांत पाणी आणणारा मुताचा उग्र दर्प म्हणजे तिथे दिवसचे दिवस सफाई होत नाही. पिल्ले घरात वावरतात की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बंद असतात, हेही विचारावे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावाची घडी बसण्याचा असतो. या काळात मिक्सरचा आवाज, मुलांची धावपळ, कुकरची शिट्टी, अनोळखी माणसाचा हात हे सगळे ज्याने अनुभवले, ते पिल्लू पुढे गणपतीतल्या फटाक्यांना आणि ढोलांना घाबरून पलंगाखाली शिरण्याची शक्यता कमी असते.

ज्या बाईंकडून आम्ही पुढे पिल्लू घेतले, त्यांनी मला दारातच चपला काढायला लावल्या, हातपाय धुवायला सांगितले आणि “काका, आज आणखी कुठे कुत्री बघून आलात का?” असा पहिला प्रश्न विचारला. मला तो थोडा उद्धट वाटला होता. नंतर उमगले की एका दिवसात तीन ठिकाणी जाऊन तीच चप्पल घालून पिल्लांमध्ये फिरणारा ग्राहकच पार्वो एका घरातून दुसऱ्या घरात नेतो. तेव्हा एका दिवसात एकच घर करावे. त्यांचे पुढचे प्रश्न असे होते : दिवसभर घरात कोण असते, अंगणाला गडगा (दगडी कुंपण) आहे का, रात्री कुत्रा कुठे झोपणार, आधीचे पिल्लू कशाने गेले. त्या जितके मला विचारत होत्या, त्याच्या निम्मेही मी त्यांना विचारले नव्हते. जो ब्रीडर काहीच विचारत नाही आणि फक्त ‘टोकन’ मागतो, त्याला पिल्लू कुठे जाते याच्याशी देणेघेणे नसते.

घाट चढणे खरोखरच जमणार नसेल, तर मुंबई-पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या नातेवाइकाला पाठवावे. तेही जमत नसेल, तर आधी काढून ठेवलेल्या व्हिडिओवर विसंबू नये. चालू व्हिडिओ कॉलवर कुत्रीला पिल्लांजवळ आणायला सांगावे आणि फोन खोलीभर फिरवायला लावावा. हा दुय्यम मार्ग आहे, पण आंब्याच्या पेटीपेक्षा बरा आहे.

वय आणि कागद यांबाबत गाफील राहणे

कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि विकायच्या कुत्र्याला मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) लावलेली असावी लागते. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिची वीण घेता येत नाही, वर्षाला एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही आणि आठ वर्षांनंतर तर मुळीच नाही. बाजारात सर्रास बोलला जाणारा ‘पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू’ हा शब्दप्रयोगच त्यामुळे नियमात बसत नाही. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस होतात. या मधल्या अकरा दिवसांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून चावण्याचा जोर आवरायला शिकते. लवकर तोडून आणलेले पिल्लू पुढे मुलांच्या हाताला जोरात चावते, तेव्हा आपण त्यालाच दोष देतो.

वय तपासायचे असेल, तर तोंड उघडून पाहावे. आठ आठवड्यांच्या पिल्लाला साधारणपणे सगळे अठ्ठावीस दुधाचे दात आलेले असतात. हिरड्या गुलाबी असाव्यात. त्या फिकट, पांढुरक्या दिसल्या तर पोटात जंत किंवा अंगावर गोचीड असण्याची शक्यता असते. पोट जेवणानंतर भरलेले दिसणे वेगळे आणि हातपाय काटकुळे असताना पोट नगाऱ्यासारखे फुगलेले दिसणे वेगळे.

केसीआयच्या (केनल क्लब ऑफ इंडियाच्या) कागदाबद्दल मोठा गैरसमज आहे. तो वंशावळीचा दाखला आहे, तब्येतीचा नव्हे. आणि मंडळाची नोंदणी ही तिसरीच गोष्ट आहे. तिन्ही स्वतंत्रपणे मागाव्यात. मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक कागदावर लिहिलेला असतो, तो स्कॅनर लावून पिल्लाच्या मानेजवळच्या चिपशी ताडून पाहायला दोन मिनिटे लागतात. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीतून पिढीत उतरतो, म्हणून आई आणि बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे आहेत का, हे विचारावे. दोन वर्षांच्या वयानंतर काढलेला एक्स-रे अधिक भरवशाचा असतो. आपल्याकडे हा प्रश्न ऐकून बरेच विक्रेते हसतात. ज्याने कपाटातून फाइल काढली, तो आपला माणूस.

लसीचे कार्ड न वाचणे

आमच्या पहिल्या पिल्लाच्या कार्डावर तीन तारखा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या आणि बाटलीवरचे लेबल एकही चिकटवलेले नव्हते. खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीचे लेबल, त्यावरचा बॅच क्रमांक, तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का असतो. कार्डावरच्या डॉक्टरांना एक फोन करावा.

‘लस झाली आहे’ या तीन शब्दांत बऱ्याच गोष्टी दडतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिली जाणारी ‘पपी डीपी’ ही लस फक्त डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि पार्वोसाठी असते. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत लस पूर्ण काम करू शकत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत जावे लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर द्यायची असते. म्हणजे आठ आठवड्यांच्या पिल्लाचे लसीकरण ‘पूर्ण’ झाले, असे कोणी सांगत असेल, तर तो एक तर अडाणी आहे किंवा खोटे बोलतो आहे.

कोकणासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून, तुंबलेल्या गटारांतून आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, तो कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. लेप्टोचा समावेश असलेली लस कार्डावर आहे का, हे पाहावे; नसल्यास तालुक्याच्या डॉक्टरांकडून दोन डोस पुरे करून घ्यावेत आणि पुढे दरवर्षी घेत राहावे.

आपली हवा विसरून जात निवडणे

निळ्या डोळ्यांच्या हस्कीचा मोह मला समजतो, पण कुत्रा धापा टाकून, जिभेवरचे पाणी उडवून अंग थंड करतो आणि मे महिन्यातल्या आपल्या दमट हवेत ते पाणी लवकर उडत नाही. दाट केसांच्या जाती आणि पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जाती इथे वर्षातले बरेच महिने हाल सोसतात. कारवान किंवा मुधोळ हाउंडला उष्मा झेपतो, मात्र त्याला धावायला मोकळी जागा लागते. आणि गावात आई-वडील दोघेच राहत असतील, तर चाकरमानी मुलाने गणपतीला येताना त्यांच्यासाठी लॅब्राडॉर भेट आणू नये. वर्षभरात तो तीस किलोचा होतो आणि साखळी धरणारा हात सत्तर वर्षांचा असतो.

हंगामाचेही तसेच आहे. भर पावसात पिल्लू आणू नये. दिवाळीनंतर जमीन सुकते आणि पिल्लाला बाहेर बसवता येते.

पहिल्या आठवड्यात घाई करणे

पिल्लू आणले की त्याच रात्री त्याला भात आणि बांगड्याची आमटी घालण्याची आपली हौस आवरावी. ब्रीडरकडचे खाणे आठवडाभराचे मागून आणावे आणि नवे खाणे त्यात थोडे थोडे मिसळत जावे. या बदलाने एखादे दिवस जुलाब झाले, पण पिल्लू खेळते आहे आणि खाते आहे, तर पाणी देत लक्ष ठेवावे. ओकाऱ्या आणि जुलाब एकत्र सुरू झाले, त्यात रक्त दिसले किंवा पिल्लू खाण्याकडे पाहीनासे झाले, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. पार्वोमध्ये पिल्लू शरीरातले पाणी कमी झाल्याने मरते आणि वेळेवर लावलेले सलाइन त्याला वाचवू शकते. पार्वोची लक्षणे लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत, कधी चौदा दिवसांपर्यंत दिसतात. म्हणून पिल्लू आणल्याच्या दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडून तपासून लेखी नोंद घ्यावी आणि दोन आठवड्यांत आजार निघाल्यास ब्रीडर काय करणार, हे पैसे देण्याआधी कागदावर लिहून घ्यावे.

रात्री पिल्लाला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बांधू नये. बिबट्या वाडीत येतो तो अनेकदा कुत्र्यासाठीच. पडवीचे दार लावून घ्यावे, आणि आईच्या अंगाखालचा फडका ब्रीडरकडून मागून आणला असेल, तर तो पिल्लाच्या अंथरुणात ठेवावा. आमच्या दुसऱ्या पिल्लाने पहिली रात्र त्यात तोंड खुपसून काढली.

ज्या घरात पार्वोने पिल्लू गेले आहे, तिथे एक चूक हमखास होते, ती म्हणजे महिन्याभरात दुसरे आणणे. हा विषाणू सावलीच्या, ओलसर जागी महिनोन् महिने टिकतो. फरशी आधी साबणाने घासून मग एका भागाला तीस भाग पाणी घातलेल्या ब्लीचने धुता येते. पण आमचे खळे शेणाने सारवलेले होते आणि शेणामातीत ब्लीचची ताकद संपून जाते. आम्ही वरची माती खरवडून काढली, अंथरूण आणि खाण्याचे भांडे जाळले-पुरले, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ दिला. मी फोनवर हे सांगितले, तेव्हा त्या बाईंनी आमच्यासाठी ठरलेले पिल्लू पुढचे दोन महिने स्वतःकडे ठेवले, त्याचे सगळे डोस पुरे केले आणि त्या खाण्यापिण्याचा खर्च तेवढा वेगळा लावला. साडेचार महिन्यांचे ते पिल्लू मी गाडीतून आणले, आणि आंबोलीच्या वळणांवर ते दोनदा ओकले.