झाड तेच, पण फांदीही तीच हवी!

मार्चमध्ये कोल्हापुरात सकाळची शाळा सुरू झाली की पोरं वही घेऊन कळ्या-फुलं मोजायला मैदानातल्या झाडांखाली जातात. पण दर आठवड्याला वेगळीच फांदी बघतात. मग सोमवारी ‘कळ्या १२’ आणि पुढच्या सोमवारी ‘कळ्या ४०’. मेळ कसा लागणार?

१. हाताला येणारी एक फांदी ठरवा. जुन्या साडीची निळी चिंधी तिला सैल बांधा. लाल नको, पळस-पांगाऱ्याच्या फुलांत ती दिसतच नाही. (आम्ही पहिल्यांदा लालच बांधली होती!)

२. ठरलेल्या वारी त्याच फांदीवरच्या कळ्या, उमललेली फुलं, शेंगा आणि कोवळी पानं मोजा. चार आकडे, एक ओळ, बास.

३. काटेसावर उंच, हात पोचत नाही. तिच्याखाली चार दगड ठेवून मीटरभर बाजूचा चौकोन करा आणि त्यात पडलेली फुलं मोजा. परिपाठाच्या आधीच मोजा, नाहीतर झाडलोट होऊन आकडा शून्य! शिपाईमामांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मोजून झालं की फुलं चौकोनाबाहेर काढा, म्हणजे पुढच्या वेळी जुनी-नवी मिसळत नाहीत.

पडलेलं पळसाचं एक फूल पोरांना उलगडायला द्या. पाच पाकळ्या असतात, त्यातल्या दोन एकमेकींना जुळून हुबेहूब पोपटाच्या चोचीसारखा वाकडा आकार होतो.

चिंधीऐवजी तार मात्र बांधू नका. फांदी जाड होते तशी ती सालीत रुतते.