कुत्रा पाळण्याआधी घराची तयारी कशी तपासावी

वावरात जागलीला सोबत हवी म्हणून, किंवा मुलांनी हट्ट धरला म्हणून, आपल्याकडे कुत्र्याचे पिल्लू घरी येते. त्याचे करणार कोण, हा प्रश्न ते ओसरीवर रुळल्यानंतर निघतो. कुत्रा साधारणपणे 10 ते 13 वर्षे जगतो, म्हणजे आज पाचवीत असलेली मुलगी शिकायला नागपूर-अमरावतीला गेली तरी तो घरीच असणार. त्यामुळे जबाबदारी घरातल्या एका मोठ्या माणसाने घ्यावी, आणि तसा माणूस पुढे येत नसेल तर विचार तिथेच सोडावा.

तयारीचा अंदाज निवांत दिवसांवरून बांधू नये. घराच्या सर्वांत अडचणीच्या दोन काळांत काय होईल, ते आधी ठरवावे. पहिला काळ मे महिन्याचा. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नसल्याने तो धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. टिनाच्या छपरीखाली साखळीने बांधलेला कुत्रा दुपारी उष्माघाताने दगावू शकतो. त्याला कडुलिंबाची दाट सावली आणि मातीच्या भांड्यात दुपारून पुन्हा भरलेले गार पाणी लागते. दाट केसांची हस्कीसारखी विलायती जात या हवेत आणणे मला तरी निर्दयपणाचेच वाटते. गावठी कुत्रा इथल्या उन्हाला जास्त सरावलेला असतो. दुसरा काळ सोयाबीन सोंगणीपासून कापूस वेचणीपर्यंतचा, जेव्हा सगळे घर पहाटेच वावरात जाते. कुत्रा सोबत नेणार असाल तर फवारणी झालेल्या पिकात तो शिरणार नाही आणि औषधाचे रिकामे डबे त्याच्या तोंडी लागणार नाहीत, हे पाहणारे कोणी हवे.

पिल्लू आणण्याआधी पंधरा दिवस गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याला ठरल्या वेळी भाकर-पाणी देऊन पाहावे. चार दिवसांत ‘आज तू दे’ सुरू झाले, तर काय ते कळून येते. उरलेला तर्रीदार रस्सा मात्र त्याला घालू नये, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात.

खर्चात लसीकरण सर्वांत आधी धरावे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची पहिली लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे असताना, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि रेबीजची लस ते तीन महिन्यांचे झाल्यावर देऊन पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्यावी लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून घरचा कुत्रा चावला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, हे घरात सर्वांना ठाऊक असावे. पावसाळ्यात कानाच्या घडीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत गोचीड बसतात. ते रोज बोटांनी चाचपून, चिमट्याने मुळापासून ओढून काढण्याची किळस येत असेल, तर तेही आधीच कबूल करावे. मादी आणायची असल्यास नसबंदी कुठे होते याची चौकशी अगोदर करावी, कारण गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो आणि नकोशी पिल्ले शेवटी दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडली जातात.

ताडोबा किंवा मेळघाटाच्या लगतच्या गावांत बिबट्याच्या धाकाने राखणीला कुत्रा ठेवण्याची रीत आहे. पण कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य असल्याने उघड्या अंगणात बांधलेला कुत्रा त्याला उलट दाराशी आणतो. रात्री कुत्र्याला दार लागणाऱ्या खोलीत घेण्यास आजी-आजोबांसह सर्वांची तयारी नसेल, तर अशा गावात कुत्रा पाळू नये.

उत्तर तूर्त नाही असे आले, तरी पंधरा दिवस भाकर खाल्लेला गल्लीतला कुत्रा आता हाक मारली की जवळ येईल. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी.