आवाज गेला, खरखर आली: किनाऱ्यावरच्या घरात दोष कसा शोधावा

श्रावण सरत आला की कोकणात घरोघरी पोटमाळ्यावरचा अँप्लिफायर, स्पीकर, माईक खाली उतरतात. आरतीसाठी लावून बघावं तर एक बाजू मुकी आणि दुसरीत खरखर. टीव्हीचंही तेच, चित्र स्वच्छ पण आवाज नाही. बोर्ड गेला असं ठरवून वस्तू तालुक्याला न्यायची घाई करू नका. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राकाठच्या घरांत आतल्या बोर्डाआधी बाहेरचे जोड खराब होतात. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पिनांवर बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं, तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो आणि आवाजाची वाट अडते. हे जोड घरीच साफ करता येतात.

आधी सेटिंग

टीव्ही मुका असेल तर सेटिंगमध्ये 'साउंड आउटपुट' बघा. ते ऑप्टिकल, एआरसी किंवा ब्लूटूथवर, म्हणजे बाहेरच्या स्पीकरकडे आवाज नेणाऱ्या वाटेवर, गेलं असेल, तर टीव्हीचा स्वतःचा स्पीकर गप्पच राहणार. आवाज ठरावीक चॅनलवरच जात असेल, तर सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी पीसीएम किंवा स्टिरिओ निवडा. मग वायर दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला लावून बघा. विजांच्या पावसानंतर कधी कधी एकच पोर्ट जातो आणि बाकीचा टीव्ही ठणठणीत असतो.

मग जोड

प्लग सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्रत्येक पिन ओढून बाहेर काढा आणि उजेडात बघा. हिरवा किंवा काळपट थर दिसला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडाला लावून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पॉलिशपेपरने घासू नका. पिनेवरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज आणखी लवकर धरतो. खोबरेल तेलही नको, त्यावर धूळ चिकटते. स्पीकरच्या वायरचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापा, नवं तांबं सोला आणि घट्ट बसवा.

रेडिओ किंवा जुना टीव्ही गप्प असेल तर हेडफोनच्या भोकावर संशय घ्या. त्यात बारीक स्प्रिंगची पट्टी असते आणि पिन आत गेली की ती स्पीकरकडे जाणारा जोड तोडते. पट्टी गंजली की पिन नसतानाही जोड सुटलेलाच राहतो. हेडफोनची पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर केली की पुष्कळदा आवाज परत येतो.

स्पीकरच गेला का, हे घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलने कळतं. स्पीकर अँप्लिफायरपासून सोडवा आणि त्याच्या दोन वायरी सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'टक्' झालं तर कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, शाबूत आहे. जास्त वेळ धरून ठेवू नका.

आवाजावरून दोष

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर बटणाच्या आतली पट्टी मळली आहे. वीज बंद करून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा.

सतत 'घूंऽऽ' येत असेल तर मूळ बहुतेक आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत असतं. अँप्लिफायर बंद करून त्यात आवाज आणणाऱ्या सगळ्या वायरी काढा (विजेची आणि स्पीकरची राहू द्या), पुन्हा चालू करून ऐका. घूं थांबली तर वायरी एकेक करून परत जोडा. जिच्याने घूं सुरू होते, तिच्याकडे दोष. बरेचदा ती सेट-टॉप बॉक्सची वायर असते आणि मूळ डिशच्या छत्रीकडून बॉक्सला येणाऱ्या केबलमध्ये निघतं, कारण छत्रीकडून आणि घरातून दोन वेगळ्या वाटांनी जमिनीशी जोड होतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतली की फरक पडतो. घूं घालवायला प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कधीही काढू नका, ती जीव वाचवते. उलट अर्थिंगच तपासून घ्या. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी पडून अर्थिंग कमजोर होते, म्हणून अर्थिंगची तार जमिनीत जिथे पुरलेली असते त्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

सगळ्या वायरी काढूनही, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घूं राहिली तर आतले कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारे भाग) गेले असण्याची शक्यता मोठी. ते काम मेकॅनिकचं.

घूं किंवा चरचर फक्त वीज गेल्यावरच येत असेल तर इन्व्हर्टर बघा. स्क्वेअर वेव्हच्या, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या, इन्व्हर्टरवर पंखे आणि अँप्लिफायर गुणगुणतातच, त्यात उपकरणाचा दोष नसतो.

चरचर आणि सोबत जळका वास आला तर मात्र लगेच मेन स्विच बंद करा आणि काही उघडू नका. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह प्लग काढल्यावरही आत धोकादायक वीज धरून ठेवतात.

पुढच्या वर्षासाठी

गणपती झाल्यावर अँप्लिफायर पोटमाळ्यावर टाकून विसरू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, म्हणजे आतली ऊब ओलावा घालवते. विजा कडाडायला लागायच्या आधी प्लगबरोबर छत्रीची केबलही काढा. ती विसरली जाते आणि वीज तिच्यातूनही आत येते.