जेनेपी मुरवताना वनस्पती बदलू नका

आल्प्समधल्या साव्हॉय भागात जेनेपी हे लिकर, म्हणजे गोड मद्य, त्याच नावाच्या वनस्पतीपासून घरोघरी मुरवतात. प्रमाण तोंडपाठ असतं: ४० टक्क्यांचं मद्य एक लिटर, वाळलेल्या जेनेपीच्या ४० काड्या, साखरेचे ४० चौकोनी खडे आणि ४० दिवस. जेनेपी म्हणजे आपल्या दवण्याची नातलग, दोन्ही आर्टेमिसिया या एकाच वनस्पती-कुळीतल्या. पण त्याच गोतावळ्यातलं वर्मवुड तेवढंच घातलंत, तर घोटभरही पिववणार नाही इतकं कडू होईल.

लिकरमध्ये घातलेली बडीशेप मात्र गोडसर वास देते. ती भरपूर असेल तर पेल्यात गार पाणी ओतताच लिकर दुधाळ होतं. ते नासलेलं नसतं, फेकू नका! बडीशेपेतलं अ‍ॅनेथॉल हे सुवासिक द्रव्य मद्यात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच.