लहान खुराड्यासाठी झटक्याची जाळी न कापता बसवा

कोंबड्यांच्या मोकळ्या आवारासाठी मिळणारी झटक्याची जाळी (तारांतून विजेचा झटका देणारी कुंपणाची जाळी) बहुधा 50 मीटरच्या गुंडाळीत येते आणि ती चौकोनी लावल्यास साधारण 156 चौरस मीटर जागा वेढते. जागा तेवढी नसेल, तर कात्री उचलण्याआधी आकार बदलून पाहावा: तीच जाळी 22 मीटर लांब व 3 मीटर रुंद अशी लावली, की आतली जागा 66 चौरस मीटरवर येते आणि आंब्याच्या दोन ओळींमधला पट्टाही वापरात येतो.

तरीही जाळी उरलीच, तर ती गुंडाळून गवतात ठेवू नये, कारण ओल्या गवताला टेकलेल्या तारांतून प्रवाह जमिनीत झिरपतो व सगळ्या कुंपणाचा झटका मंदावतो. उरलेला भाग आतल्या बाजूला वळवून मधला पडदा करावा. एका कप्प्यात कोंबड्या चरतात, तेव्हा दुसऱ्यातले गवत पुन्हा वाढते. मात्र जाळीचे दोन पदर एकमेकांना अगदी लगटून ठेवू नयेत, कारण मधल्या फटीत कोंबडी अडकते.

कापणे अटळच असेल, तर झटका मशीन (जाळीत झटक्याचा प्रवाह सोडणारे यंत्र) बंद करून कापावे आणि टोकाला सुटलेली प्रत्येक आडवी तार खांबाला नीट बांधावी, लोंबकळू देऊ नये. कोपऱ्यातले खांब आत झुकतात, त्यांना बाहेरून ताण द्यावा. जाळी घरातल्या 230 व्होल्टच्या विजेला थेट जोडणे जीवघेणे आहे. झटका मशीन व पक्के अर्थिंग हवेच.